तीस तासांचा हिशेब

माझ्याकडे जर्मन शिकायला येणाऱ्या मुलींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक इंजिनीअर होऊन मास्टर्सला निघालेल्यांचा. त्यांच्या तोंडी सतत युनिव्हर्सिट्यांची नावं, एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे इथल्या पदव्या तपासल्याचा दाखला, आणि ब्लॉक्ड अकाउंट. दुसरा गट बारामती, संगमनेर, कराड, सोलापूरकडून पुण्यात येऊन कॉटबेसिसवर राहणाऱ्यांचा. बीए, बीकॉम, डीएड, नाहीतर नर्सिंगचा एखादा कोर्स झालेला असतो, घरी स्थळं बघायला सुरुवात झालेली असते, आणि कुणाच्या तरी मावसबहिणीने सांगितलेलं असतं, ‘अगं, ओपेअर म्हणून जाता येतं की!’

ओपेअर म्हणजे परक्या देशातल्या एखाद्या कुटुंबात वर्षभर राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामात थोडा हात लावायचा. बदल्यात एक खोली, जेवणखाण, खिशाला थोडे पैसे आणि तिथली भाषा कानावर पडायची सोय. जर्मनीसाठी वय १८ च्या वर आणि व्हिसाचा अर्ज करताना २७ च्या आत हवं, जर्मन किमान ए-वन, म्हणजे पहिली पातळी, झालेलं हवं. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष.

या मुलींना ओपेअरच का सुचतं, हे ब्लॉक्ड अकाउंटकडे बघितलं की कळतं. जर्मनीत शिकायला जायचं तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात गोठवून दाखवावे लागतात. म्हणजे आजच्या भावाने बारा लाखांच्या आसपास. दोन एकर ऊस असलेल्या घरात मुलीच्या नावाने एवढे पैसे कोण गोठवणार? मुलाच्या नावाने कदाचित कर्ज काढतील. ओपेअरला ही अट नाही, कारण राहण्या-खाण्याची जबाबदारी यजमान कुटुंबाची. त्यामुळे पैसा नसलेल्या मुलीला उघडा असलेला तो जवळजवळ एकमेव दरवाजा आहे. वर्ष संपल्यावर एफएसजे, म्हणजे हॉस्पिटलात किंवा वृद्धाश्रमात स्वयंसेवेचं वर्ष, आणि त्यापुढे नर्सिंगचं आउसबिल्डुंग, म्हणजे काम करता करता घ्यायचं प्रशिक्षण. ही वाट आता इतकी रुळली आहे, की मुली ती पुणे-दौंड-सोलापूर या थाटात म्हणून दाखवतात.

दरवाजा एकच असला, की उंबरठ्यावर उभा असलेला माणूस काय मागेल ते द्यावं लागतं. इथले काही एजंट पन्नास हजार घेतात, काही लाखाच्या वर. त्यांच्या जाहिरातीत पिवळ्या केसांचं एक गोड बाळ असतं आणि खाली ‘मोफत राहणं, मोफत जेवण, वर पगार’ असं ठळक अक्षरात.

यातला ‘मोफत’ हा सगळ्यात खोटा शब्द. पगार म्हणावं तर तोही नाही. जर्मन नियमाप्रमाणे ओपेअरला महिन्याला २८० युरो मिळतात आणि भाषावर्गासाठी कुटुंबाने महिन्याला ७० युरो वेगळे द्यायचे असतात. आरोग्य आणि अपघात विम्याचे हप्ते कुटुंबाकडे. काम दिवसाला जास्तीत जास्त सहा तास, आठवड्याला जास्तीत जास्त ३०. आठवड्यात दीड दिवस सुट्टी, चार संध्याकाळी मोकळ्या, महिन्यातून निदान एक रविवार पूर्ण सुट्टीचा. मुलगी आजारी पडली तरी २८० युरो द्यायचेच. सहसा याला नोकरी धरत नाहीत, आणि म्हणूनच किमान वेतनाचा कायदा इथे लागत नाही.

आता मुलीच्या घरचे हे कसं ऐकतात ते सांगते. एका मुलीचे वडील तिला सोडायला क्लासपर्यंत आले होते. २८० युरो म्हणजे किती, असं त्यांनी विचारलं. अठ्ठावीस हजारांच्या आसपास, मी म्हटलं. त्यांनी मनातल्या मनात पुण्यातल्या कॉल सेंटरचा पगार, त्यातून जाणारं कॉटचं भाडं, मेसचं बिल, असं सगळं वजा केलं असणार. चेहरा एकदम खुलला. ‘राहून-खाऊन अठ्ठावीस शिल्लक! मग वाईट काय आहे, मॅडम?’ वडील रुपयांत मोजत होते. मुलीला मात्र युरोत राहायचं होतं. लोकल, बस आणि जवळपासच्या गाड्यांचा महिन्याचा पास २०२५ मध्ये ५८ युरो. मोबाईल दहा-पंधरा. नोव्हेंबरात पहिल्यांदा खरी थंडी वाजली, की जाकीट आणि बूट यांत एका महिन्याचे पैसे सरळ संपतात.

हिशेब नीट मांडायचा तर असा. आठवड्याला ३० तास म्हणजे महिन्याला साधारण १३०. २८० ला १३० ने भागलं, की तासाला २ युरो १५ सेंट येतात. २०२५ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन होतं तासाला १२.८२ युरो. एवढंच बघितलं तर कुणाचंही डोकं फिरेल, आणि इंटरनेटवरच्या रागावलेल्या बहुतेक पोस्ट इथेच थांबतात. पण हा अर्धाच हिशेब झाला. मालकाने नोकराला दिलेल्या खोलीची आणि जेवणाची किंमत काय धरायची, हे तिथलं सरकार दरवर्षी ठरवून देतं. २०२५ साठी खोलीचे महिन्याला २८२ युरो, जेवणाचे ३३३. म्हणजे २८० अधिक २८२ अधिक ३३३ अधिक भाषावर्गाचे ७०, एकूण ९६५ युरो. विमा वेगळा. दुसऱ्या बाजूला १३० तासांचं किमान वेतन होतं १,६६७ युरो, पण त्यातून आरोग्य विमा, पेन्शन वगैरे कापून हातात तेराशेच्या आसपास येतील. मग म्युनिकसारख्या शहरात, जिथे एका साध्या खोलीला सातशे-आठशे युरो भाडं पडतं, तिथल्या ओपेअरचा व्यवहार कागदावर तरी बराचसा चोख ठरतो. एखाद्या खेड्यात, जिथे संध्याकाळी सातनंतर बस नाही आणि भाषावर्ग पंचवीस किलोमीटरवर, तिथे त्याच खोलीची किंमत मुलीच्या लेखी किती?

एवढा हिशेब मांडला, कारण माझं म्हणणं त्यातूनच निघतं. ओपेअर ही मुळात लुबाडणूक आहे, असं मला वाटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या मुलीला परदेशात एक खोली, घरचं जेवण, भाषा आणि पुढचा रस्ता मिळत असेल, तर तिने त्यासाठी ३० तास द्यावेत यात अन्याय नाही. मात्र हा सगळा डोलारा ३० या आकड्यावर उभा आहे. ३० चे ४५ झाले, की महिन्याचे १९५ तास होतात, आणि खोली-जेवण धरूनसुद्धा तासाला साडेसात युरोंच्या जवळ पडणारं काम पाच युरोंवर येतं. पैसे कुणी कमी करत नाही. २८० युरो एक तारखेला बिनचूक खात्यात येतात. तास वाढतात, आणि तेही पाव-पाव तासाने.

संगमनेरकडची एक मुलगी श्टुटगार्टच्या बाहेर एका घरी आहे. घर चांगलं, माणसं चांगली, दोन मुलं. तिने तिथल्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेल्या वेळापत्रकाचा फोटो मला पाठवला होता, तोही तक्रार म्हणून नव्हे; त्यातला एक शब्द तिला लागत नव्हता म्हणून. आखलेला सुबक तक्ता, प्रत्येकाच्या नावाला वेगळा रंग, हिचा रंग हिरवा. सकाळी साडेसहा ते साडेआठ: मुलांना उठवणं, न्याहारी, डबे भरणं, धाकट्याला किंडरगार्टनला सोडणं. दुपारी तीन ते साडेसात: आणणं, खेळणं, गृहपाठ, आंघोळ, संध्याकाळचं खाणं. झाले साडेसहा तास. नियमापेक्षा अर्धा तास जास्त, पण तेवढं कोण बघतं. पाच दिवसांचे साडेबत्तीस. मंगळवारी आई योगाला आणि बाबा गाण्याच्या मंडळात. शुक्रवारी दोघं मिळून बाहेर. या दोन्ही दिवशी हिरवा रंग रात्री अकरापर्यंत लांबलेला. म्हणजे आणखी सात तास. शनिवारी सकाळी पाहुणे आले तर दोन तास. साडेएकेचाळीस. शिवाय मधल्या ‘मोकळ्या’ वेळात वॉशिंग मशीन लावणं आणि कपडे वाळत घालणं, ते तक्त्यात कुठल्याच रंगात नव्हतं.

मी तिला एवढंच म्हटलं, की एका वहीत रोजची वेळ लिहीत जा. भांडायचं नाही, फक्त लिहायचं. काही आठवड्यांनी तिने ती वही घरमालकांपुढे ठेवली. ते गृहस्थ मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. त्यांनी वही बघितली, कॉम्प्युटरवर तक्ता केला, बेरीज केली, आणि त्यांना खरंच धक्का बसला. पण पुढे ते म्हणाले, मंगळवार-शुक्रवारचे तास यात कसे धरायचे? मुलं तर झोपलेली असतात. तू तुझ्या खोलीत फोनवर बोलत असतेस. ते काम थोडंच आहे?

हा प्रश्न मला बनेल वाटत नाही. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. उत्तर साधं आहे: ती त्या वेळात घराबाहेर पडू शकते का? नाही. मूल उठलं तर कोण धावणार? ती. ओपेअरच्या नियमांत मुलांजवळ थांबण्याचा हा वेळ ३० तासांतच धरायचा असं स्पष्ट आहे. आणि जर्मनीच्या संघीय कामगार न्यायालयाने २४ जून २०२१ ला याच्या जवळचाच निकाल दिला. बल्गेरियातून आलेली एक बाई बर्लिनमध्ये नव्वदी ओलांडलेल्या आजींजवळ राहून त्यांची काळजी घेत होती. करारात आठवड्याला ३० तास. प्रत्यक्षात रात्री खोलीचं दार उघडं ठेवून झोपायचं, आजींनी हाक मारली की उठायचं. न्यायालयाने सांगितलं, की हाकेच्या तयारीत थांबण्याच्या वेळेलाही किमान वेतन लागू होतं. ती बाई ओपेअर नव्हती, नोकरीच्या करारावर होती, त्यामुळे निकाल जसाच्या तसा आमच्या मुलींना लागू नाही. पण वाट बघत बसणं हे काम आहे, एवढं तरी एका मोठ्या न्यायालयाने मान्य केलं.

त्या घरातलं पुढे काय झालं? मंगळवार सुटला. शुक्रवार राहिला, पण त्याच्या बदल्यात सोमवारची सकाळ मोकळी मिळाली. घरातली बाई नंतर काही दिवस थोडी अवघडून वागत होती, असं मुलगी म्हणाली. सगळं छान जमलं, असं मी म्हणणार नाही.

सगळीच घरं अशी समजूतदार नसतात. एका मुलीला तळघरातली खोली दिली होती, खिडकी म्हणजे छताजवळची काचेची पट्टी. तिच्याकडे मुलांचं काम कमी आणि पूर्ण घराची साफसफाई, साहेबांच्या शर्टांना इस्त्री, वर शेजारीच राहणाऱ्या साहेबांच्या आईला आंघोळ घालणं, असं होतं. वृद्धांची शुश्रूषा ओपेअरकडून करून घेता येत नाही. कामात बसतात ती मुलं आणि हलकंफुलकं घरकाम. ती मला हे तीन महिने सांगत नव्हती, कारण मी तिच्या घरी कळवीन आणि घरचे ‘ये परत’ म्हणतील, अशी तिला धास्ती. परत येणं म्हणजे एजंटचे पैसे बुडाले, आणि आल्याबरोबर स्थळं. अन्याय सोसणाऱ्या मुली सगळ्या भित्र्याच असतात असं नाही. ही तर वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी होती. तिने आकडेमोड केली होती आणि सोसणं स्वस्त पडत होतं.

खोलीत झोपणं आणि पोळी खाणं यांची किंमत देणाऱ्यानेच ठरवायची, ही राहून काम करण्याच्या व्यवहारातली मोठी मेख. अमेरिकेत ती आकड्यांत अगदी उघडी दिसते. तिथे ओपेअर सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या जे-वन व्हिसावर जातात, आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम, आणि किमान भत्ता आठवड्याला १९५.७५ डॉलर. हा चमत्कारिक आकडा आला कुठून? ४५ तास गुणिले केंद्राचं किमान वेतन ७.२५ डॉलर, झाले ३२६.२५. त्यातून राहण्या-जेवणाचे म्हणून ४० टक्के कापले. २००९ पासून हा आकडा हललेला नाही, कारण ७.२५ हललेलं नाही. एजन्सीवाले मुलींना हा आकडा असा सांगत, की जणू तोच ठरलेला पगार. तो खालचा आकडा आहे, त्याहून जास्त मागता येतं, हे बहुतेकींना माहीतच नव्हतं. २०१४ मध्ये कोलोरॅडोत काही ओपेअर कोर्टात गेल्या आणि २०१९ मध्ये पंधरा एजन्सींनी मिळून ६.५५ कोटी डॉलरला तडजोड केली.

त्याच वर्षी डिसेंबरात मॅसॅच्युसेट्सबद्दल अपील न्यायालयाचा निकाल आला: राज्याचा घरकामगार कायदा आणि राज्याचं किमान वेतन ओपेअरलाही लागू. त्या राज्यात मालकाला एका माणसाच्या खोलीसाठी आठवड्याला फार तर ३५ डॉलर कापता येतात. न्याहारीचे दीड डॉलर, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचे सव्वादोन-सव्वादोन. पुढे २०२३ मध्ये तिथलं किमान वेतन १५ डॉलर झालं. ४० तासांचे ६००, वरच्या पाच तासांचे दीडपटीने ११२.५०, वजा खोली आणि जेवणाचे ७७. आठवड्याला सहाशे पस्तीसच्या आसपास. एकीकडे १९५, एकीकडे ६३५. मुलगी तीच, बाळही तेच. बऱ्याच कुटुंबांनी मग ओपेअर ठेवणंच सोडून दिलं, आणि आपल्याकडच्या एका ओळखीच्या जोडप्याने मला बॉस्टनहून फोनवर हे ‘बघ, कायदे केले की काय होतं’ अशा सुरात सांगितलं. मला वाटतं, ज्यांना ६३५ परवडत नाहीत त्यांनी पाळणाघर बघावं. त्याचे पैसे भरताना पाळणाघरातल्या बाईंना कुणी ‘आमच्या कुटुंबातलीच’ म्हणत नाही.

ब्रिटनमध्येही अशीच एक पळवाट होती: घरातल्या माणसासारखी राहणाऱ्या कामगाराला किमान वेतन लागत नसे. १ एप्रिल २०२४ पासून ती बंद झाली. नॉर्वेने तर त्याच वर्षी मार्चमध्ये ओपेअरची योजनाच गुंडाळली. तिथे येणाऱ्या मुलींत फिलिपिन्सच्या खूप होत्या, आणि ही सांस्कृतिक देवाणघेवाण कमी आणि स्वस्त घरकाम जास्त, अशी टीका बरीच वर्षं चालू होती. जर्मनीने तसं करू नये असं मला वाटतं, पण हे माझं स्वार्थाचंही बोलणं असेल. माझे निम्मे विद्यार्थी त्याच वाटेने जातात.

जेवणाबद्दल मात्र थोडं जास्त बोलायला हवं, कारण नियमपुस्तकात त्याला एक ओळ असते आणि मुलींच्या फोनवर अर्धा तास. बऱ्याच जर्मन घरांत संध्याकाळी चूल पेटत नाही. पाव, लोणी, चीज, सॉसेज, काकडीच्या चकत्या, झालं जेवण. शाकाहारी मुलगी सॉसेज सोडते आणि पाव-चीज खाते, रोज, वर्षभर. सोलापूरची एक मुलगी शेंगाचटणीचा डबा पुरवून पुरवून वापरायची, पावाला लोणी आणि त्यावर चटणी. तिला स्वयंपाकघरात फोडणी करायला मनाई होती, वास पडद्यांना बसतो म्हणून. आता, जेवणाची किंमत महिन्याला ३३३ युरो धरून आपण व्यवहार चोख असल्याचं म्हणतो ना? मग जे जेवण ती खाऊ शकत नाही त्याचे पैसे तिच्या नावावर कसे मांडायचे? ती स्वतःच्या २८० मधून डाळ-तांदूळ आणते, आणि तेही शनिवारी घरचे बाहेर गेल्यावर शिजवते. याला मी सरळ पगारकपात म्हणते. उलट दुसऱ्या एका घरात आजोबांनी ओपेअरसाठी इंटरनेटवर बघून खिचडी केली होती. हळद इतकी घातली, की पातेलं कायमचं पिवळं झालं. ती मुलगी अजून त्यांना ओपा, म्हणजे आजोबा, म्हणते आणि ख्रिसमसला त्यांच्याकडेच जाते.

आपल्या लोकांचे मला येणारे फोन वेगळेच. म्युनिकला, फ्रँकफुर्टला स्थायिक झालेली आयटीतली मराठी जोडपी. ‘ताई, तुमच्या ओळखीत एखादी मुलगी आहे का? बाळाला मराठी कानावर पडेल, वरणभात येत असेल तर उत्तमच. आम्ही अगदी घरच्यासारखं ठेवू.’ मी त्यांना नियम सांगते: ज्या घरात जर्मन ही मातृभाषा आहे तिथे ओपेअर जाऊ शकते. जर्मन मातृभाषा नसली तरी घरात जर्मन बोलतात, अशा कुटुंबाला ओपेअर मिळू शकते, पण ती त्यांच्याच मूळ देशातली चालत नाही. मग पलीकडून जरा नाराजी. ‘हे काय, आपल्याच माणसांना मदत करायची तर नियम आडवे.’ मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. एक तर तिथे तिचं जर्मन काय होणार? आणि दुसरं म्हणजे, ‘घरच्यासारखं’ याचा अर्थ आपल्याला दोघांनाही नको तितका कळतो. जर्मन बाईला साडेसात वाजता ‘माझी वेळ संपली’ म्हणणारी मुलगी ताईंना, काकूंना तसं म्हणू शकेल? पोळ्या लाटता लाटता अकरा वाजले तरी ती उठणार नाही, आणि तिला उठवायचं कुणाला सुचणारही नाही.

हे मी इथल्या घरांकडे बघूनच म्हणते. माझ्या वहिनींकडे सासूबाईंसाठी चोवीस तासांची बाई आहे, ब्यूरोतून आणलेली. बावीस हजार पगार, ब्यूरोचं कमिशन वेगळं. आजींच्या पलंगाशेजारी गादी घालून झोपते. मी सहज विचारलं, सुट्टी कधी असते तिला? वहिनी म्हणाल्या, ‘अगं, तिला काम काय असतं? दिवसभर आईंबरोबर सिरियलच तर बघते.’ श्टुटगार्टचे इंजिनीअर आणि कर्वेनगरच्या वहिनी यांची कधी गाठ पडणार नाही, पण दोघांचं म्हणणं शब्दाला शब्द जुळतं. निदान तिकडे फ्रिजवर तक्ता होता, आणि त्या तक्त्यामुळेच बेरीज करता आली.

आणि हे पुण्यात व्हावं, याचं मला जास्त वाटतं. १९८० मध्ये याच शहरात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काच्या रजा, दिवाळीचा बोनस हे आज आपण देतो ते आपल्या मोठ्या मनाने देतो असं आपल्याला वाटतं. ते त्या बायकांनी मागून घेतलं. पण ती लढाई मुख्यतः चार घरी जाऊन धुणंभांडी करणाऱ्यांची होती. त्यांना संध्याकाळी स्वतःचं घर होतं, वस्ती होती, नळावर एकमेकींना ‘तुझी किती देते?’ असं विचारता येत होतं. राहत्या बाईला तो नळ नाही. राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण नोंदणी आणि कल्याण योजना वेगळ्या, आणि कामाचे तास वेगळे. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. मान्यता अजून दिलेली नाही. जर्मनीने २०१३ मध्ये दिली. वहिनींना मी हे काही सांगितलं नाही. आठवड्यातून एक दिवस मी आजींजवळ थांबते म्हटलं, त्याला त्या तयार झाल्या. बाई त्या दिवशी भोसरीला बहिणीकडे जाते.

वर्गात मी आता एक बदल केला आहे. ए-वनच्या पुस्तकात हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची, स्टेशनवर तिकीट कसं काढायचं, असे धडे असतात. ते होतातच. त्याबरोबर ओपेअरचा छापील करार आम्ही ओळीओळीने वाचतो. त्यात नोटिशीचा काळ असतो, सहसा दोन आठवड्यांचा. कुटुंबाशी नाही पटलं, तर उरलेल्या मुदतीसाठी दुसरं कुटुंब शोधता येतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, पण विमान पकडून परत यावं लागत नाही. तळघरातल्या त्या तोंडाळ मुलीला हे जेव्हा कळलं, त्यानंतर ती तिथे फार दिवस राहिली नाही. आता ती कार्ल्सरूहला एका वृद्धाश्रमात एफएसजे करते. आजी-आजोबांना आंघोळ घालण्याचंच काम, पण यावेळी करारात लिहिलेलं आणि तासांत मोजलेलं.

पाठ करून घ्यायची वाक्यंही बदलली. ‘मला एक कप कॉफी हवी’ यानंतर लगेच ‘हे करारात नाही’: दास श्टेट निष्ट इम फेरत्राग. मुली हसत हसत म्हणतात, मग हळू आवाजात विचारतात, ‘मॅडम, असं तोंडावर बोललं तर चालतं तिकडे?’ चालतं. आपल्याकडे हे उद्धटपणाचं वाटेल. तिकडे तो माहितीचा प्रकार आहे. आपल्या मुलींना ‘नाही’ म्हणायची सवय लावणं हे जर्मन नामांच्या ‘देअर-दी-दास’ या लिंगांपेक्षा अवघड, आणि त्याची परीक्षा जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या मॅक्सम्युलर भवनात होत नाही.

पुढच्या आठवड्यात कराडच्या एका मुलीची एका कुटुंबाशी व्हिडिओवर मुलाखत आहे. ते तिला विचारणारच: पोहता येतं का, सायकल येते का, कुत्र्याची भीती वाटते का. तिने काय विचारायचं ते आम्ही मिळून लिहून काढलंय. खोलीला खिडकी आहे का? संध्याकाळी बस किती वाजेपर्यंत? स्वयंपाकघर वापरता येईल का? पहिला प्रश्न मात्र तिचा तिलाच सुचला: तुमच्याकडे याआधी जी ओपेअर होती, तिचा नंबर मिळेल का? बहुतेक कुटुंबं आनंदाने देतात. जी देत नाहीत, त्यांना खिडकीबद्दल विचारण्यात अर्थ नसतो.